नियम पलीकडच्या गावचा

घराच्या भिंतीवरून उघडी नेलेली विजेची वायर अमरावतीत चालते आणि अकोल्यात चालत नाही, हे खरे आहे काय? की अकोल्यात चालते आणि अमरावतीत चालत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहावयास बसले आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही तो बरीच वर्षे क्षुल्लक वाटला, कारण ज्या माणसामुळे तो माझ्यापुढे आला त्याला मी गंभीरपणे घेत नव्हते. ही माझी चूक झाली.

त्या माणसाचे नाव गुलाबराव भुयार. परवानाधारक विद्युत कंत्राटदार. वयाने ते माझ्याहून मोठे, म्हणून आदरार्थी लिहिते. त्यापलीकडे या आदराला आधार नाही.

राजापेठेत त्यांचे दुकान होते. गल्ल्यामागच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत त्यांचा परवानाही चौकटीत लावलेला असे आणि देवांबरोबर त्यालाही रोज ताजा हार मिळे. गुलाबराव त्याच्या बरोबर खाली फिरत्या खुर्चीत बसत. अंगात पांढरा सफारी, आणि इतर लोक पेन अडकवतात त्या खिशाला टेस्टर. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे हत्यार दिसले की हातात घेऊन पाहण्याची मला सवय. एकदा तो टेस्टर मी पाहावयास मागितला. आतला इवलासा दिवाच नव्हता.

"भुयारसाहेब, यात दिवा नाही. वीज आहे की नाही हे कळणार कसे?"

"मॅडम, हा दाखवाचा हाय," ते शांतपणे म्हणाले. "तपासाचा घरी हाय."

मी हसले. त्या वाक्यात हसण्यासारखे काही नव्हते, हे समजायला पुढे बराच काळ गेला.

नव्या घराला मीटर मिळण्यापूर्वी वायरिंग तपासल्याचा एक कागद लागतो. परवानाधारकाने घरी जाऊन मापे घ्यायची, ती कागदावर भरायची आणि सही करायची, अशी ती रीत आहे. त्याला टेस्ट रिपोर्ट म्हणतात. गुलाबराव ते खुर्चीत बसून भरत. अंगठा जिभेला लावून कागद उलटायचा, सही करायची, पुढचा. एका बैठकीत दहा-बारा घरे होत. मी समोरच्या बाकावर बसून पाहिले आहे. प्रत्येक कागदावर वायरच्या आवरणाचे माप एकच. आयुष्यभर मी मुलांच्या प्रयोगवह्या तपासल्या. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेला आकडा मला दुरूनही ओळखू येतो. गुलाबरावांना तर शेजाऱ्याच्या वहीचीही गरज नव्हती. ते स्वतःचीच नक्कल करीत.

सही झालेल्या कागदांवर वजन म्हणून काचेची एक बरणी ठेवलेली असे. तिच्यात पितळेचे जाडसर तुकडे भरलेले होते. ते काय आहेत, हे मला पहिल्या उन्हाळ्यात कळले.

त्या वेळी मी राजापेठेच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहत होते. कूलरसाठी खिडकीजवळ पॉइंट हवा होता. गुलाबराव स्वतः आले, कारण मी 'शायेतल्या मॅडम' होते. त्यांच्या माणसाने बोर्डापासून खिडकीपर्यंत साधी लवचिक वायर खिळे वाकवून भिंतीवर अडकवली. वर पट्टी नाही, पाइप नाही.

"ही अशीच राहणार? केसिंग नाही लावायचे?"

"कायले पायजे?"

"नियम आहे."

"तो अकोल्यात, मॅडम. तिथं साहेब लय कडक. आपल्या अमरावतीत चालते."

मग त्यांनी कूलरच्या वायरचा प्लग हातात घेतला. त्याला तीन पिना होत्या. बोर्डाला त्यांनी दोन भोकांचे सॉकेट लावले होते. सॉकेट बदलायचे सोडून त्यांनी खिशातली पक्कड काढली आणि वरची जाड पिन मुळापासून तोडली. तुकडा निगुतीने खिशात टाकला.

"हा जाडा पिन ओलीच्या मुलखासाठी असते," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "कोकण, मुंबई, तिकडे. आपला वऱ्हाड कोरडा. कोरड्या मुलखाले दोन पुरतात."

आता येथे थोडे थांबून सांगणे भाग आहे. ती जाड पिन रोजच्या व्यवहारात काहीच करीत नाही. तिच्यावाचून पंखा फिरतो, पाणी चढते, गार वारा येतो. ती एका वाईट क्षणासाठी असते. आतली वायर कुठे सोलली आणि वीज कूलरच्या पत्र्यात उतरली, तर त्या विजेला जमिनीत जाण्याची वाट या पिनेतून असते. पिन नसेल तर वीज वाट पाहत पत्र्यातच थांबते, आणि जो हात लावील त्याच्यातून जाते. वऱ्हाड कोरडा आहे, हे गुलाबरावांचे म्हणणे खरे. पण कूलर कोरडा नसतो. खाली पाण्याची टाकी, तीन बाजूंना भिजलेले गवत, मागे पाझरलेली भिंत. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे घराघराच्या खिडकीला एक लहानसे कोकणच टांगलेले असते.

आणि आम्ही वऱ्हाडातली माणसे या कोकणाबरोबर कशी राहतो? 'आमचा कूलर थोडा मारते,' असे आम्ही पाहुण्याला सांगतो, जणू ती दावणीची गाय आहे आणि मारणे हा तिचा स्वभाव. पाणी टाकण्यापूर्वी उलट्या हाताने पत्रा चाचपून पाहतो. पायात रबरी चप्पल आहे ना, एवढे विचारतो. ही खबरदारी आईकडून लेकीकडे जाते, पण वायर दुरुस्त करावी हे कोणी कोणाला शिकवत नाही. ज्या मुलखात अशी सवय असेल तेथे गुलाबराव भुयारांचे चांगले चालते.

काही वर्षांनी माझी बदली अकोल्याला झाली. बारा बैठ्या घरांच्या नव्या वसाहतीत मी घर घेतले. पहिल्याच आठवड्यात मागच्या भिंतीवर तीच वायर, तसेच वाकवलेले खिळे दिसले आणि मी ओळखले. चौकशी केली. वायरिंगचे काम गुलाबरावांचे. वसाहत त्यांच्या जावयाने बांधलेली. ते जागेवरच भेटले.

"भुयारसाहेब, अकोल्यात केसिंग लागते म्हणाला होतात."

क्षणभरही त्यांची पापणी हलली नाही. "नाई जी. ते अमरावतीत. तिथं विभागाचं हापीस हाय, साहेबलोक फिरून रायते. अकोल्यात कोन पाहाले येते? इथं चालते."

पुढे परतवाड्याला एका लग्नाला गेले. यजमानांचे नवे घर पाहिले, तर पुन्हा तेच खिळे. मी यजमानांना विचारले. ते अभिमानाने म्हणाले, "भुयारसाहेबांनी सांगतलं, पाइप फक्त अकोल्याकडे लागते. तिकडचं पाणी खारं हाय. आपलं मेळघाटचं गोडं."

तेव्हा मला त्या माणसाची पद्धत उमगली. गुलाबराव नियम नाकारीत नसत. नियम आहे, कडक आहे, साहेब आहे, सगळे ते मान्य करीत. फक्त तो नियम नेहमी पलीकडच्या गावचा असे. अमरावतीत तो अकोल्याला गेलेला असे, अकोल्यात अमरावतीला, परतवाड्यात पुन्हा अकोल्याला. एस.टी.च्या प्रवाशासारखा तो सदा रस्त्यावर. जिथे गुलाबराव काम करीत तिथे तो कधी उतरलाच नाही. 'कायदा गावागावाचा वेगळा' हे त्यांचे आवडते वाक्य होते, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज अभ्यासू होई.

मी त्यांना अज्ञानी समजत होते. अज्ञानाविषयी शिक्षकाच्या मनात थोडी जागा असतेच. तो माणूस चुकीचे शिकला, कोणी सुधारले नाही, असे मी धरून चालले.

माझ्या घरातली वायर मी दुसऱ्या कारागिराकडून पट्टीत घालून घेतली, तीन भोकांची सॉकेटे लावली, अर्थिंग करून घेतले. शेजारच्या घरात नसीम आपा राहत. शिवणकाम करीत. यजमान वारल्यानंतर घर त्यांच्या मशीनवर चाललेले. त्यांचे मशीन खिडकीशी, खिडकीला कूलर, आणि कूलरची वायर खिडकीच्या फटीतून बाहेर. रोज खिडकीचे दार त्या वायरला चावत होते.

"मॅडम, याची आदत हाय," एकदा त्या कूलरकडे बोट दाखवून म्हणाल्या. "चिमटा घेते."

"आपा, ही आदत नाही. हा बिघाड आहे. बंद ठेवा."

"बंद ठेवून कसं चालते? घामाचा एक थेंब पडला का साटनवर डाग. गिऱ्हाईक घेऊन जाईन का?"

माझ्या आग्रहाने त्यांनी गुलाबरावांना बोलावले. ते आले. त्यांनी पत्र्याला उलटा हात लावला, झटक्यात मागे घेतला आणि हसले.

"थोडं मारते म्हनजे कूलर जिता हाय, आपा. पानी टाकताना रबरी चप्पल घालत जा. काई होत नाई."

"वायर बदला ना, साहेब. खिडकीत कटून रायली."

"तिले हात नोका लावू. दुसऱ्या कोनाले लावू बी देऊ नोका. माह्या फिटिंगमंदी दुसऱ्याचा हात लागला का टेस्ट रिपोर्ट रद्द. मंग मीटर कापतात. अकोल्यात तसा कायदा हाय."

असा कायदा कुठेही नाही. मी तेथे उभी होते आणि मी तसे म्हटलेही. गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिले नाही, आपांकडे पाहून ते म्हणाले, "मॅडमचं पुस्तकातलं हाय. पुस्तकातलं पुस्तकात बरं." नसीम आपांना मीटर कापले जाण्याची भीती माझ्या पुस्तकापेक्षा मोठी होती. दुसऱ्या दिवशी माझा कारागीर मी त्यांच्या दारापर्यंत आणला, त्यांनी हात जोडून परत पाठवला. मी त्यावर गप्प बसले. तो दिवस मी अजून विसरत नाही.

ते रोजे संपत आल्याचे दिवस होते. ईदचे कपडे आपांच्या घरात ढिगाने पडलेले. दुपारी जोहरच्या नमाजापूर्वी त्यांनी वजू केले. हात, तोंड, पाय धुतले. चपला काढलेल्या. मुसल्ल्याकडे, म्हणजे नमाजाच्या चटईकडे, वळताना कूलरचा पंप कोरडा वाजू लागला म्हणून त्या तशाच बाहेर आल्या, बादली उचलली आणि टाकीत पाणी ओतावयास एक हात पत्र्यावर टेकवला.

मी माझ्या अंगणात होते. बादली पडल्याचा आवाज झाला. माणसाचा झाला नाही. मी धावले ती त्यांच्याकडे नव्हे, त्यांच्या व्हरांड्यातल्या मेन स्विचकडे. वर्गात मी हेच शिकवत आले होते. स्विच खाली ओढला तशा त्या सुटल्या आणि कूलरच्या लोखंडी स्टँडवर उजवे मनगट आपटून कोसळल्या.

जीव वाचला. मनगटाचे हाड जुळले. पण अंगठा आणि तर्जनी पूर्वीसारखी एकमेकांना भेटत नाहीत. शिवणाऱ्या बाईचे सगळे काम त्या दोन बोटांच्या भेटीत असते. ईदचे कपडे लोक न शिवलेलेच परत घेऊन गेले.

गुलाबराव भेटावयास आले. केळी आणली होती. खाटेपाशी बसून त्यांनी खिन्न चेहऱ्याने मान हलवली. "पान्याचा दोष हाय. अकोल्याचं पानी खारं, त्यात करंट जोरात धावते. अमरावती असती तर काईच झालं नसतं." मग म्हणाले, "आन् चप्पल नव्हती न पायात. मी सांगून ठेवलं होतं."

नसीम आपांनी डोळे उघडले. "साहेब, नमाज बी आता चप्पल घालून पढू का?"

गुलाबरावांनी केळी उशाशी ठेवली आणि ते गेले.

चौकशीसाठी अधिकारी येणार, असे कळले त्याच्या आदल्या दिवशी गुलाबरावांची माणसे आली. एका सकाळीत आपांच्या घरातली प्रत्येक वायर पाइपमध्ये गेली. खिडकीशेजारी भोक पाडून नळी बसवली. तीन भोकांचे सॉकेट, तीन पिनांचा प्लग, अंगणात अर्थिंग. काम उत्तम होते. मी स्वतः पाहिले. एक स्क्रूही वाकडा नव्हता. अधिकाऱ्यांना जे दिसले ते त्यांनी लिहिले: जोडणी नियमानुसार आहे. अपघाताच्या वेळी ग्राहक अनवाणी होता.

जुना प्लग मी उचलून ठेवला होता, दोन पिनांचा, तिसरीच्या जागी पकडीचा चावा. तो मी गुलाबरावांपुढे धरला. ते म्हणाले, "याच्यावर कोनाचं नाव हाय का?"

वसाहतीत मग हळूहळू तेच बोलले जाऊ लागले. बाई अनवाणी गेली. ओल्या पायांनी गेली. सांगूनही ऐकले नाही. नसीम आपांच्या सासरचे लोक आले, तेही तेच म्हणाले. आपा कोणाशी वाद घालीत नसत. एक दिवस मला म्हणाल्या, "मॅडम, मले त्यायच्याकडून दुसरं काईच नको. एवढं लिवून पायजे का वायर उघडी होती आन् पिन तुटेल होती. गलती माह्या पायायची नव्हती."

मी तसा चार ओळींचा मजकूर सुवाच्य अक्षरात लिहिला आणि एका सकाळी अमरावतीला गुलाबरावांच्या घरी गेले. घर मी प्रथमच पाहत होते.

अंगणात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. भिंतीलगत सिमेंटचा एक लहान चौकोनी हौद होता, त्याचे झाकण काढून त्या लोट्याने आत पाणी ओतत होत्या. मी नमस्कार केला आणि हे काय, म्हणून विचारले.

"अर्थिंगचा खड्डा हाय जी. काळी माती उन्हायात फाटते, मंग ते नळीले धरत नाई म्हनते. यायची सक्ती हाय. रोज सकाळी एक लोटा. माहेरी गेली तरी फोन करून विचारते, टाकलं का म्हनून."

मी घरात गेले आणि उभी राहून पाहिले, जसे परीक्षक प्रयोगशाळा पाहतो. सगळ्या भिंती स्वच्छ. वायर कुठे दिसत नव्हती. जिथे भिंतीबाहेर होती तिथे जाड पाइपमध्ये होती. खिडकीच्या दाराला वायर शिवत नव्हती. कूलरच्या प्लगला तीन पिना, सॉकेटला तीन भोके. मुख्य बोर्डावर ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच. शेजारी खिळ्याला एक टेस्टर टांगलेला. त्यात दिवा होता.

गुलाबराव बाहेर आले. माझी नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिले आणि ते खूश झाले. पुढे होऊन त्यांनी ईएलसीबीचे लहान बटण दाबले. खट् झाले, घरातला पंखा थांबला.

"दर मंगळवारी दाबून पाहातो," ते म्हणाले. "चालू हाय का नाई, समजलं पायजे न."

"भुयारसाहेब, अमरावतीत उघडी वायर चालते ना?"

"चालते न."

"मग हे सगळे?"

त्यांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिले. "घरात लेकरंबाळं हायेत, मॅडम."

त्यांच्या स्वरात ओशाळेपणा नव्हता. आपण यात काही कबूल करून बसलो, असेही त्यांना वाटले नाही. मी त्यांना इतकी वर्षे अज्ञानी समजून जी सवलत दिली होती, ती त्या वाक्याबरोबर संपली. या माणसाला सगळे येत होते. पिन कशासाठी असते, माती केव्हा फाटते, खिडकीत वायर कशी चावली जाते. त्या बरणीतला एकेक तुकडा त्यांनी जाणून तोडला होता.

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या, घडी घातली आणि कागद मला परत दिला.

"असं लिवून देनं आपल्या अमरावतीत चालत नाई, मॅडम. अकोल्यात देत असतीन."

मी निघाले. फाटकाशी वळून पाहिले ते शेवटचे. कूलरमध्ये पाणी टाकण्याची वेळ झाली होती. गुलाबरावांनी आधी बटण बंद केले. मग प्लग उपसून बाजूला ठेवला. पितळेच्या तिन्ही पिना चकाकल्या. मग दारातल्या रबरी चपला पायांत सरकवल्या. एवढे झाल्यावरही पत्र्याला उलटा हात लावून पाहिला, आणि मगच पाणी ओतले.

त्यांनी लिहून दिले नाही, म्हणून मी लिहिते. नसीम आपांच्या घरातली वायर उघडी होती आणि प्लगची पिन तोडलेली होती. चूक त्यांच्या पायांची नव्हती.

आणि सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर: नाही. घरातल्या वायरचा सुरक्षा-नियम अमरावतीला एक आणि अकोल्याला दुसरा असा नाही. माती वेगळी असते, पाणी वेगळे असते, आणि त्यामुळे काळजी कुठे अधिक घ्यावी लागते; कुठेही कमी नाही. पण हे मी सांगते म्हणून मानू नका. गुलाबरावांचेही लोकांनी असेच मानले होते. आज घरी गेलात की कूलरचा प्लग काढा आणि पिना मोजा. वायर खिडकीच्या दारात सापडते का ते पाहा. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते विचारा आणि कोरडा असेल तर पाणी टाका. कृपया स्वतः तपासून पाहा.